जुनी आलिशान गाडी दुरुस्त करून उभी करायला घ्यावी का? तुमचे अनुभव लिहा

एका परिचित बाईंकडे १९७६ सालची जॅग्वार एक्सजे६ पडून आहे. दुसऱ्या सिरीजची, ४.२ लिटरची. त्यांचे यजमान गेल्यापासून, म्हणजे गेली चौदा वर्षं, ती शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. "चांगल्या हातात जाणार असेल तर पैशाचं बघू," असं त्या म्हणतात. मी ताडपत्री उचलून पुढचे चार गोल दिवे पाहिले आणि तेव्हापासून डोक्यात दुसरा विषय नाही.

माझ्याकडे बंद जागा आहे, बऱ्यापैकी हत्यारं आहेत, दोन साध्या गाड्यांची इंजिनं स्वतः खोलून बसवली आहेत. वेल्डिंग येत नाही. घरच्यांचा विरोध नाही, पण काळजी आहे, आणि ती रास्त आहे. महिनाअखेर बाईंना उत्तर द्यायचंय.

नुसतं "घ्या" किंवा "नका घेऊ" नको. तुम्ही गाडी घेताना काय पाहिलं होतं, काय पाहायचं राहून गेलं, किती दिवस धरले होते आणि किती लागले, अर्ध्यात सोडली असेल तर का सोडली, ते सविस्तर लिहा. ज्यांनी घेतली नाही त्यांनीही लिहा.

* * *

माझी रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो, १९७२ची. पाहायला जाताना खिशात चुंबक नेलं होतं, पत्र्याऐवजी लांबी (खड्डे बुजवायचा मसाला) कुठे भरली आहे ते कळावं म्हणून. दाराला लावलं, सरळ खाली पडलं. बॉनेटला तेच, डिकीला तेच. सगळी गाडी लांबीचीच आहे असं वाटून मी निघालो होतो. मालकांनी थांबवून सांगितलं की या गाडीची दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण मुळातच ॲल्युमिनियमचं असतं. मग मडगार्डला आणि दाराखालच्या सिलला लावलं, तिथे घट्ट बसलं. गाडी पाहण्याआधी त्या मॉडेलचा पत्रा कशाचा आहे हे माहीत करून घ्या. नाहीतर चांगली गाडी सोडाल किंवा वाईट घ्याल.

पत्रा पाहिला, ब्रेक पाहायचे राहिले. शॅडोच्या ब्रेकचा मुख्य भार हायड्रॉलिक यंत्रणेवर असतो, सिट्रोएनकडून परवान्याने घेतलेलं तंत्र. इंजिनवरचे दोन पंप तेल दाबतात, तो दाब दोन ॲक्युम्युलेटरमध्ये साठतो. त्यात आरआर३६३ हे ठरावीक ब्रेक फ्लुइडच लागतं. नंतरच्या सिल्व्हर स्पिरिटला मात्र मिनरल ऑइल. माझ्या गाडीत आधी कोणीतरी मिनरल ऑइल ओतलं होतं. रबरी सील सगळीकडचे फुगले होते. पंप, झडपा, कॅलिपर, होज, एकूण एक उतरवावं लागलं. त्यातच चौदा महिने गेले.

हे आधी कळलं असतं का? असतं. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करायचं, चावी पुन्हा ऑन करून ब्रेक दाबत राहायचं आणि दाब कमी झाल्याचा दिवा कितव्यांदा लागतो ते मोजायचं. ॲक्युम्युलेटर धड असेल तर बराच वेळ दाबावं लागतं. माझ्या गाडीत तिसऱ्याच दाबाला दिवा लागला होता, आणि मला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

दीड वर्ष धरलं होतं, चार वर्षं दोन महिने लागले. पुन्हा घेईन का विचाराल तर हो. ती पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर शेडबाहेर आली तेव्हा इंजिनाचा आवाज इतका कमी होता की चालू आहे याची खात्री करायला मी बॉनेटवर हात ठेवला.

* * *

मी गाडी कधीच पूर्ण खोलली नाही, म्हणून लिहितेय. मर्सिडीज डब्ल्यू१२३, ३००डी, १९८२ची. घेतली तेव्हा ती चालत होती आणि चालतीच ठेवायची एवढा एकच नियम केला. एका वेळी एकच काम. ते पूर्ण होऊन आठवडाभर गाडी फिरली की पुढचं.

पहिल्याच आठवड्यात चावी फिरवली, काढून हातात घेतली, आणि इंजिन चालूच. या डिझेलमध्ये इंजिन बंद होतं ते व्हॅक्यूमवर (नळ्यांतून हवा ओढून), आणि दारांचं सेंट्रल लॉकही त्याच व्हॅक्यूमवर. मागच्या दारातलं एक रबरी डायफ्रॅम (पातळ पडदा) फाटलं होतं आणि त्यापायी इंजिन बंद होत नव्हतं. दोन रविवार नळ्या शोधण्यात गेले, पण गाडी त्या दोन्ही रविवारी संध्याकाळी रस्त्यावर होती. सात वर्षं झाली. रंग अजून मूळचाच आहे, डाव्या मडगार्डवर फिका पडलाय. चालती गाडी मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तीच घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

* * *

अर्ध्यात सोडली त्यांनी लिहा म्हणालात, म्हणून लिहितो.

मर्सिडीज २५०एसएल. मधोमध किंचित खोलगट हार्डटॉपमुळे जिला 'पॅगोडा' म्हणतात ती. आणली तेव्हा चालत होती. ब्रेक एका बाजूला ओढत होते आणि सिलला फुगवटे आले होते, बस. मी ठरवलं की करायचं तर मुळापासून करायचं, आणि तीन आठवड्यांत नुसती बॉडी उरेपर्यंत खोलली. ते तीन आठवडे फार आनंदाचे होते. रोज संध्याकाळी काहीतरी सुटायचं, रोज काम झाल्यासारखं वाटायचं.

सुरुवातीला प्रत्येक नटबोल्ट पिशवीत घालून वर चिठ्ठी लावत होतो. दुसऱ्या आठवड्यात पिशव्या संपल्या तेव्हा "हे तर लक्षात राहील" म्हणत डब्यांत टाकू लागलो. मग बॉडीवाल्याकडे नंबर लागायला आठ महिने गेले. तिथे सिल कापल्यावर आतलेही पत्रे गेलेले निघाले आणि अंदाज दुप्पट झाला. त्याच वर्षी मुलगी झाली, नंतर वडिलांचं आजारपण. एके दिवशी डबा उघडला तर सोळा क्लिपा हातात आल्या, आणि त्या दाराच्या पट्टीच्या की काचेच्या कडेच्या हे सांगता येईना. तिथे मी खाली बसलो.

पाच वर्षांनी ती बेचाळीस खोक्यांसकट विकली. आणली त्याच्या निम्म्याहून कमी पैसे आले. पैशाचं दुःख विरलं. चालत आलेली गाडी मी खोक्यांत घालून पाठवली, हे मात्र अजून टोचतं. तुमची एक्सजे६ घेतलीत तर पत्र्याचं काम करणारा माणूस आणि त्याची तारीख हातात येईपर्यंत एकही पाना लावू नका. फोटो काढताना भाग सुटण्याआधीचा, सुटतानाचा आणि सुटल्यावरचा असे तीन काढा. पिशव्या संपल्या तर त्या दिवसाचं काम थांबवा.

* * *

आमच्याकडे आलेली जॅग्वार मार्क २ बाबांची होती, त्यामुळे घ्यावी की नाही हा प्रश्नच नव्हता. किती करायची, हा होता. कारागिरांनी सगळं नव्यासारखं करून देतो म्हटलं. स्टीअरिंगच्या चाकावर डावीकडे वर एक जागा आहे, बाबांचा हात कायम तिथे असायचा. तिथली चकाकी जाऊन बोटांएवढा मऊ खळगा पडलाय. ते चाक नवं करायच्या यादीत होतं. मी यादीतून काढलं.

मग सगळीच यादी पुन्हा वाचली. ब्रेक, स्टीअरिंग, इंधनाच्या नळ्या, वायरिंग, टायर, म्हणजे जिवाशी संबंधित सगळं नवं. गंज जिथे पत्रा खात होता तिथे नवा पत्रा. सीटचं मूळ कातडं फाटलं होतं तेवढंच आतून अस्तर लावून शिवलं. बाकी हात लावला नाही. काम निम्म्यावर आलं, आणि मी दार उघडते तेव्हा अजून ती त्यांचीच गाडी असते. ज्या बाईंची एक्सजे६ आहे त्यांना विचारा, गाडीत काय जसंच्या तसं राहावंसं वाटतं. त्यांच्या उत्तरावरून तुम्हाला बरंच कळेल.

* * *

मी लाकूडकाम करतो, अशा गाड्यांचे डॅशबोर्ड माझ्याकडे येतात. सगळे इंजिनाचं लिहितील, म्हणून आतलं सांगतो. चांगल्या गाडीत अक्रोडाच्या एकाच ओंडक्याचे लागोपाठचे पातळ काप घेऊन ते पुस्तकाची पानं उघडल्यासारखे समोरासमोर बसवतात. डावीकडची नक्षी उजवीकडे आरशात पाहिल्यासारखी दिसते. ग्लोव्हबॉक्सचं एक झाकण हरवलं तर तेवढंच करून चालत नाही, रेषा जुळत नाहीत. मग पूर्ण संच करावा लागतो. वरचं लॅकर तडकलंय म्हणून घाबरू नका, ते उतरवून पुन्हा चढवता येतं. तुकडे सगळे आहेत का ते मोजा. क्रोमचंही तसंच. पितळेच्या किंवा लोखंडी भागावर ते पुन्हा चढवून मिळतं. ओतीव जस्ताच्या भागावर फोड आले असले की ते घासून आत जावं लागतं आणि नक्षीची धारच जाते.

* * *

मर्सिडीज ४५०एसईएल ६.९. जेमतेम ७,३८० बनल्या, त्यातली एक माझ्या दारात उभी राहणार होती. सस्पेन्शन तेल आणि वायूवर चालणारं, ती पूर्ण खाली बसलेली होती. मी तेव्हा भाड्याच्या जागेत होतो, शेडची मुदत अकरा महिने. नाही म्हटलं. खंत आहे, निर्णय बरोबर होता.

* * *

धागा काढणाऱ्यांना एक तातडीची विनंती. बघायला गेलात तर उत्साहात बॅटरी जोडून सेल्फ मारू नका. चौदा वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल खाली उतरलेलं असतं, पिस्टनच्या रिंग कोरड्या असतात. सहाही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं तेल सोडा, एक-दोन दिवस थांबा. मग गाडी न्यूट्रलला घेऊन पुढून क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल इंजिनापर्यंत जाऊ देऊ नका. एक्सजे६ला दोन टाक्या असतात, मागच्या दोन्ही मडगार्डांत एकेक. झाकणाजवळची पाणी जायची नळी तुंबली की टाकी सडते.

आणि त्या ब्रेकवर गाडी उतारावर ढकलू नका. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ प्रतीचं फ्लुइड ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी ओढल्यावर ती मर्यादा १५५ अंशांवर येते. शिवाय एक्सजे६चे मागचे ब्रेक चाकाजवळ नसून आत डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याला) लागून असतात, तिथपर्यंत हात पोचणंच कठीण. ते जाम झालेले असणार असं समजूनच जा.

* * *

सगळं वाचून दोनदा जाऊन आलो. पहिल्या दिवशी प्लग काढून तेल सोडलं, तिसऱ्या दिवशी पाना लावला. इंजिन फिरलं. अगदी मऊ फिरलं. बाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, "जिवंत आहे का?" मी हो म्हटलं आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्या क्षणी मी गाडी घेऊन टाकली असती.

पण पॅगोडावाल्यांचं लिखाण डोक्यात होतं, म्हणून चटई टाकून खाली शिरलो. सिलला स्क्रूड्रायव्हर टोचला, टणक. रेडिएटरखालचा आडवा पत्रा, ठीक. मग मागची चाकं धरून ठेवणारे रेडियस आर्म जिथे बॉडीला जोडतात तिथे टॉर्च मारला. काळा अंडरकोट (गाडीच्या तळाला मारलेला जाड लेप) गुळगुळीत दिसत होता. टोचल्यावर स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि चेहऱ्यावर लाल भुगा पडला. दुसऱ्या बाजूलाही तेच. डावी टाकी खालून ओली.

हे काम वेल्डिंगचं आहे, तेही मागचं सस्पेन्शन चुकीच्या जागी जाऊ न देता करायचं. मला ते येत नाही. ज्या दोघांकडे विचारलं त्यांतल्या एकाने दीड वर्षानंतरची तारीख दिली, दुसऱ्याने नाही म्हटलं. मी काल बाईंना नाही कळवलं. फोटो दाखवले, कुठे काय टोचलं ते समजावून सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण कोणीतरी खाली शिरून बघितलं याचं बरंही वाटलं.

त्यांच्या परवानगीने लिहितो. वेल्डिंग येणारं कोणी पूर्ण गाडी घेणार असेल तर त्यांची पहिली पसंती त्याला. महिनाभर वाट पाहणार आहेत. नाहीच कोणी आलं तर भाग सुटे द्यायला त्या तयार आहेत. इंजिन फिरतंय, उजवी टाकी कोरडी आहे, डॅशबोर्डचं लाकूड मोजलं, एकही तुकडा कमी नाही. गिअरच्या दांड्यावरची मूठ मात्र त्या स्वतःकडे ठेवणार आहेत.