प्रतिसाद: प्रश्न फक्त पगाराचा नाही

वर एकांनी म्हटलंय की शिक्षक संघटना स्वतःच्या पगारापलीकडे काही बघत नाहीत. पटलं नाही. २५ सप्टेंबर २०२४ ला राज्यभरातले प्राथमिक शिक्षक सामूहिक रजेवर गेले, तेव्हा कमी पटाच्या, म्हणजे कमी विद्यार्थ्यांच्या, शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय रद्द करा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. ती मुलांची नाही तर कुणाची?

मला जास्त काळजी वाटते ती १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शाळेला शिक्षकांची किती पदं द्यायची त्याच्या, निर्णयाची. त्यात ठरलं की सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला, तर त्या वर्गांना शिक्षकाचं पद मंजूर नाही. शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची मात्र याच वर्गांसाठी विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रांना किमान एकेक शिक्षक मागते.

पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरात पट वाढणार कुठून? वाडीच तीस उंबऱ्यांची. दोन गुरुजींपैकी एक केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीला गेला की दुसरा चार इयत्ता एका खोलीत बसवतो, मधेच पोषण आहाराची नोंद करतो. सातवीच्या मुलीला अपूर्णांक शिकवायचे कधी? मग ती पावसात ओढा ओलांडून मोठ्या गावी जाणार, किंवा घरीच बसणार. मुलींच्या बाबतीत घरी बसणंच जास्त होतं.

संघटनांनाही एक सांगणं: जुन्या पेन्शनची मागणी रास्त आहे, पण संचमान्यतेच्या मोर्चात ती वेगळी ठेवा. आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना सोबत घ्या, ग्रामसभेचे ठराव जोडा. नुसत्या शिक्षकांच्या निवेदनावर मंत्रालयात पोच मिळते, उत्तर मिळत नाही.