टेनिस बॉलवर वेगात टाकणाऱ्या मुलाला पुढे नेण्याचा रस्ता कोणता?

शहादेकर:
नमस्कार मंडळी. माझा भाचा शहादा तालुक्यातल्या आमच्या गावी राहतो. वय १९, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो आणि आजवर फक्त टेनिस बॉलवरच खेळला आहे. रात्रीच्या स्पर्धांसाठी त्याला दोंडाईचा, शिरपूरपर्यंत बोलावणे येते आणि चार पैसेही मिळतात. चेंडू सोडताना मागचा पाय जमिनीवर घासत येत असल्याने त्याचा उजवा बूट महिन्याभरात अंगठ्यापाशी फाटतो, एवढी त्याची गोलंदाजी चालते. घरात तमिळनाडूचा वेगवान गोलंदाज टी. नटराजन याचे नाव रोज निघते. त्याचे वडील विणकामाच्या कारखान्यात रोजंदारीवर, आई रस्त्याकडेला चिकन विकणारी, गाव सेलम जिल्ह्यातील चिन्नप्पमपट्टी; तो भारताकडून खेळला तर आपला मुलगा का नाही, असे माझी बहीण विचारते. दाजी म्हणतात, आता उशीर झाला, शेती बघ. दोघांनाही खरे उत्तर द्यायचे आहे, म्हणून जाणकारांना विचारतो.

चोपडेकर:
दाजींना सांगा की नटराजनच्या हाती लेदर बॉल आला तेव्हा तोही विशीच्या आसपासच होता. आपल्या विदर्भातील वेगवान गोलंदाज उमेश यादवचे वडील वलनीच्या कोळसा खाणीत कामाला होते, तो स्वतः पोलीस भरतीच्या मागे होता आणि लेदर बॉलकडे त्याच वयात वळला. त्यामुळे उशिराचा मुद्दा मला मान्य नाही. बहिणीला मात्र मधली वर्षे सांगा, कारण त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. नटराजनचा जन्म १९९१ चा, रणजी पदार्पण २०१५ मध्ये आणि भारताकडून पहिला सामना डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरा येथे, म्हणजे वयाच्या २९ व्या वर्षी. गावातल्याच जयप्रकाश यांनी त्याला चेन्नईला नेले, तिथल्या लीगमध्ये तो खालच्या डिव्हिजनपासून खेळत वर आला, रणजीत पाऊल टाकताच त्याच्या शैलीवर आक्षेप आला आणि ती दुरुस्त करून त्याला पुन्हा उभे राहावे लागले. पुढे तमिळनाडू प्रीमियर लीगमधल्या यॉर्करमुळे (फलंदाजाच्या पायाशी टप्पा पडणाऱ्या चेंडूंमुळे) २०१७ च्या आयपीएल लिलावात पंजाबने त्याच्यासाठी ३ कोटी रुपये मोजले. आयपीएलच्या जर्सीवर तो ‘जेपी नट्टू’ असे नाव लावत असे. त्यातले जेपी म्हणजे जयप्रकाश. ऑस्ट्रेलियाला तो नेट बोलर, म्हणजे सरावात फलंदाजांना चेंडू टाकणारा, म्हणून गेला आणि एकाच दौऱ्यात तिन्ही प्रकारांत पदार्पण करणारा पहिला भारतीय ठरला. इतर गोलंदाज जायबंदी झाले म्हणून त्याला संधी मिळाली हे खरे, पण ब्रिस्बेन कसोटीच्या पहिल्या डावातले ३ बळी नशिबाने पडत नाहीत. तेव्हा बहिणीने ‘आपला का नाही’ या प्रश्नाआधी ‘आपला जयप्रकाश कोण’ हे शोधावे, असे मला मनापासून वाटते.

सातपुडा_एक्स्प्रेस:
वरील प्रतिसादातल्या शैलीच्या मुद्द्यावर थोडे थांबावेसे वाटते. गावच्या स्पर्धांत कोपराकडे कोणी पाहत नाही. नियमानुसार चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये, आणि हलका टेनिस बॉल जोरात फेकता फेकता हा दोष मुलांना नकळत जडतो. भाच्याची गोलंदाजी मोबाइलवर बाजूने आणि समोरून, संथ गतीत टिपा व जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या प्रशिक्षकाला दाखवा. दुसरे म्हणजे वजन. टेनिस बॉल साठेक ग्रॅमचा, तर लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. हा फरक खांद्याला आणि कमरेला पहिल्याच आठवड्यात जाणवतो. या वयात कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाण्याचे मोठे कारण म्हणजे षटके एकदम वाढवणे, म्हणून सुरुवातीला दिवसाआड आणि थोडीच षटके टाकू द्या. टेनिस बॉलला शिवण नसल्यामुळे मनगट चेंडूच्या मागे सरळ ठेवायची सवय त्याला नव्याने लावावी लागेल. यॉर्कर मात्र तो तयार घेऊनच येईल. बुटाची काळजी करू नका, पाय घासणे हा दोष नव्हे. मोच्याकडून अंगठ्यावर जाड चामड्याचा तुकडा शिवून घ्या.

तापीकाठ:
नटराजनचे गाव दूर आहे, वेगवान गोलंदाज मुनाफ पटेलचे इखर मात्र भरूच जिल्ह्यात, नंदुरबारहून काही तासांच्या वाटेवर आहे. टाइल्सच्या कारखान्यात तो ३५ रुपये रोजाने काम करत होता. भारताचे माजी यष्टिरक्षक किरण मोरे यांची नजर त्याच्यावर पडली, वेगवान गोलंदाज घडवणाऱ्या चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये तो घडला, २००६ च्या मोहाली कसोटीत पदार्पणातच इंग्लंडचे ७ बळी घेतले आणि २०११ च्या विश्वविजेत्या संघात होता. माझी खरी काळजी वेगळी आहे. लेदर बॉल हाती घेतला की रात्रीच्या स्पर्धांचे चार पैसे बंद होतात, वर बूट, चेंडू आणि प्रवासाचा खर्च वाढतो. आपल्याकडची बहुतेक चांगली मुले इथेच परत फिरतात, गुणवत्ता संपते म्हणून नव्हे. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा सहा संघांत खानदेशच्या नावाचा एकही नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते. तरी दार आहे: नंदुरबार जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतो, त्यामुळे जिल्हा संघटनेकडे निवड चाचणीची चौकशी आधी करा. आणि दोन वर्षांचा खर्च घरच्यांनी एकत्र बसून ठरवा, नाहीतर तो पोरगा एक पाय शेतात, एक पाय मैदानात असा अडकेल.

शहादेकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोपराचा विचार आमच्यापैकी कोणी केलाच नव्हता. रविवारी व्हिडिओ काढतो आणि येथेच टाकतो. खर्चाचे मी दाजींशी बोललो. दोन वर्षांपैकी निम्मा भार मी उचलावा, असे ठरत आहे. नंदुरबारला लेदर बॉलवर नियमित सराव कुठे चालतो, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे.