किंग एअर बी200: फ्लॅप वेग बघून उचलायचे की उंची बघून?

निळी_रेघ
'फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली-वर होणारे भाग) 400 फुटांवर उचलायचे' ही बी200 या दोन इंजिनांच्या टर्बोप्रॉप विमानावरची सवय जेटवाल्यांकडून उसनी आणलेली आहे. फ्लॅप वेगावर उचलावेत. अप्रोच फ्लॅपने, म्हणजे 14 अंशांनी उड्डाण केलं, की पॉझिटिव्ह रेट, म्हणजे विमान चढतंय हे दिसताच गिअर (चाकं) वर. 121 नॉट पार झाले आणि काटा अजून वाढतोय, की फ्लॅप वर. 121 हा एका इंजिनावरच्या सर्वोत्तम चढाईचा वेग, पण तो फ्लॅप शून्य धरून काढलाय. फ्लॅप खाली ठेवून 121 धरलेत, तर काटा वेगमापकावरच्या निळ्या रेघेवर (121 ची खूण) दिसेल, चढाई मात्र त्या रेघेची मिळणार नाही.

ट्रिमटॅब
साफ असहमत. 400 फुटांखाली गिअर सोडून कशालाही हात लावू नये. फ्लॅप आत जाताना लिफ्ट घटते, नाक थोडं वर घ्यावं लागतं. रात्री किंवा धुक्यात ते नाही घेतलं तर विमान बसतं आणि शरीराला पत्ताही लागत नाही. शिवाय लगतच्या फ्लॅप पॅनेलमध्ये 3 ते 6 अंशांचा फरक पडला की संरक्षण सर्किट मोटर बंद करतं. फ्लॅप अर्ध्यात अडकायचेच असतील तर 100 फुटांवर अडकू नयेत.

22 डिसेंबर 2015 चा सीमा सुरक्षा दलाचा दिल्लीतला बी200 अपघात आठवा. 10 जण गेले. फ्लॅपचा दोष नव्हता. जमीन सोडल्या सोडल्या हेडिंग मोड (ठरलेली दिशा धरणारा) न निवडता ऑटोपायलट लावला आणि वाढत गेलेला डावा बँक (डावीकडचा कल) सावरला गेला नाही, असं चौकशी अहवाल सांगतो. कमी उंचीवर कॉकपिटमध्ये जितकी बटणं दाबाल तितकी नजर बाहेरून आणि हॉरायझनवरून हटते.

निळी_रेघ
तो मुद्दा ऑटोपायलटचा. मिनिटाला 2,000 फूट चढणारं विमान 400 फूट 12 सेकंदांत गाठतं. दोन्ही इंजिनं चालू असताना आपण जेमतेम सात-आठ सेकंदांवरून भांडतोय.

घाटमाथा
म्हणजे खरा प्रश्न एक इंजिन गेल्यावरचा. तिथे मॅन्युअलचा क्रम दोघांनाही पूर्ण जिंकू देत नाही, राव. ताकद कमाल, उड्डाणाचा वेग टिकवा, गिअर वर, बंद इंजिनाचा प्रोपेलर फेदर झालाय का, म्हणजे पाती वाऱ्याला कमीत कमी अडतील अशी वळलीत का, बघा. अडथळ्यांची उंची पार झाली की 121 गाठा, मग फ्लॅप वर. आधी उंची, मग वेग. फेदर न झालेला प्रोपेलर 14 अंशांच्या फ्लॅपपेक्षा कितीतरी जास्त ओढतो. म्हणून पॉवर लिव्हर लवकर मागे घेऊ नका. एन1 (इंजिनाच्या गॅस जनरेटरचा फिरण्याचा वेग) सुमारे 90 टक्क्यांखाली आणलं की ऑटोफेदर, म्हणजे प्रोपेलर आपोआप फेदर करणारी यंत्रणा, डिसआर्म होतं.

आणि धावपट्टी लांब असेल तर अप्रोच फ्लॅप लावायचेच कशाला? पुणे विमानतळाची उंची 1,942 फूट. 40 अंशांच्या दुपारी डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची) 5,400 फुटांच्या आसपास जाते. तिथे दाखवलेले 121 म्हणजे खरे 131 नॉट. एका इंजिनावर मिनिटाला 200 फूट मिळाले असं धरलं, तरी ग्रेडियंट (चढाईचा उतार) जेमतेम दीड टक्का. त्यातला थोडाही फ्लॅपला द्यायची माझी तयारी नाही. जुहूच्या 1,143 मीटरच्या धावपट्टीला मात्र अप्रोच फ्लॅपचा विचार करावाच लागेल.

ट्रिमटॅब
शून्य फ्लॅपला जमिनीवरची धाव आणि ॲक्सिलरेट-स्टॉपचं अंतर (वेग घेऊन उड्डाण सोडून थांबायला लागणारं) दोन्ही वाढतात. तक्ता न बघता 'पट्टी लांब आहे' म्हणणं मला पटत नाही. तक्त्यात बसत असेल तर शून्यच, हे मान्य. तिथे हा वादच उरत नाही.

निळी_रेघ
मग बॉल्क्ड लँडिंगचं, म्हणजे उतरता उतरता बेत सोडून परत चढण्याचं काय? तिथे मॅन्युअल सांगतं: कमाल ताकद, 100 नॉट, अडथळे सुटल्यावर नेहमीचा चढाईचा वेग, मग फ्लॅप वर आणि शेवटी गिअर. उड्डाणाच्या उलटा क्रम. 400 फुटांचं नावही नाही.

घाटमाथा
कारण पूर्ण फ्लॅप, म्हणजे 35 अंश, गिअरपेक्षा जास्त ओढतात. पण हँडलचीही एक गंमत आहे. पूर्ण खालून हँडल नुसतं अप्रोचवर आणलं तर फ्लॅप हलतच नाहीत. आधी अप वर न्यायचं, हवे तितके आत आले की परत अप्रोचवर आणायचं. हे माहीत नसलेला पायलट 'फ्लॅप अप्रोच' म्हणून मोकळा होतो आणि 35 अंशांवरच चढायला बघतो. इंडिकेटर बघितल्याशिवाय कॉल-आउट करू नका.

ट्रिमटॅब
यावर भांडण नाही. उड्डाणाला मात्र माझे 400 कायम.