घर ‘लागतं’ म्हणतात तेव्हा काय तपासता?

पुण्यात ‘त्या घरात काहीतरी आहे’ अशी कुजबुज झाली की एकतर लिंबू-नारळवाले पोचतात, नाहीतर ‘सगळे मनाचे खेळ’ म्हणणारे. घर कोणीच बघत नाही. जे खरंच बघतात त्यांनी लिहा. स्वतःचे किस्से नकोत. काय तपासायचं आणि कुठे फसतं, तेवढंच.

पारावरचा
आधी माणसं. प्रत्येकाला वेगळं बसवा. ‘बाई दिसली का?’ असं विचारलं की बाईच दिसते. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारा. वेळ, खोली, दिवे चालू की बंद, झोप किती झाली होती, हे त्यांच्याच शब्दांत टिपा. देवापुढची उदबत्ती विझवायला सांगू नका आणि मान डोलावून ‘हो, जाणवतंय’ असंही म्हणू नका. त्यांना आवाज आला हे मान्य करायचं. कोणाचा, ते नंतर.

दिवाबत्ती
बंद केलेला एलईडी रात्री मिणमिणतो, ही हमखास तक्रार. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) टाकलेलं असतं. बटण बंद करून होल्डरला टेस्टर लावा. ठळक पेटला तर वायरमनकडून बोर्डातली जोडणी बदलून घ्या. बटणातच छोटा इंडिकेटर असेल तर तोही थोडा करंट पुढे सोडतो. आणि ते ‘भूत शोधायचे’ मीटर! मोबाईल, फ्रीज, भिंतीतली वायर, सगळ्यांपुढे वाजतात.

गच्चीवरची टाकी
गॅस गीझर कुठे आहे ते पहिल्या पाच मिनिटांत बघा. बाथरूमची झडप बंद असेल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, भास होतात. बाहेर पडलं की बरं वाटतं, मग ‘घरच वाईट’. अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ विल्मर यांनी 1921 मध्ये असंच एक ‘झपाटलेलं’ घर नोंदवलं होतं; दोष घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा निघाला. शंका आली तर गीझर बंद, खिडक्या उघड्या, माणसं बाहेर. वही नंतर.
नळाचं पाणी सुटताना पाइपातली हवा ठकठक करते. पाण्याची वेळ आणि आवाजाची वेळ शेजारी-शेजारी लिहा.

कांडेचोर
वाड्याच्या माळ्यावर पावलं वाजत असतील तर रांगोळीचा पातळ थर पसरा. गव्हाचं पीठ नको, ते खायला उंदीर येतात आणि सकाळी जमिनीवर नुसता गोंधळ. मांजराच्या ठशात चार बोटं, नख्या नाहीत. उदमांजराच्या पाच. त्याच्या विष्ठेत फळांच्या बिया अख्ख्या सापडतात, आणि ते फिरून गेलं की कधीकधी बासमती शिजल्यासारखा वास राहतो. रिकाम्या खोलीतला ‘भाताचा वास’ म्हणून घाबरतात तो बऱ्याचदा हाच. घोरल्यासारखा आवाज वळचणीतून येत असेल तर गव्हाणी घुबडाची पिल्लं असू शकतात. त्यांना हुसकू नका.

पेठकर
शनिवारवाड्याचं ‘काका, मला वाचवा’ कोणी पौर्णिमेला सांगतं, कोणी अमावास्येला. नारायणरावांचा खून 30 ऑगस्ट 1773 चा, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. अमावास्या लांबच होती. आतला महालही 1828 च्या आगीत गेला. ऐकीव गोष्टीत अशा तिथी आधी पडताळा, मग रात्र जागवा. जागवलीच तर एक रेकॉर्डर ‘त्या’ खोलीत आणि दुसरा ज्या खोलीबद्दल काहीच तक्रार नाही तिथे. दोन्हीकडे तोच आवाज आला तर तो त्या खोलीचा नाही.

पारावरचा
एक राहिलं. भूत उतरवतो म्हणून कोणी मारत, बांधत किंवा मिरचीची धुरी देत असेल तर पडताळणी तिथेच थांबवून पोलिसांना कळवा. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात 6 महिने ते 7 वर्षं शिक्षा आहे.
आणि सगळं तपासूनही काही हाती लागलं नाही तर वहीत ‘कारण सापडलं नाही’ असंच लिहा. त्याच्यापुढे ‘म्हणून भूत’ नको आणि ‘म्हणून खोटं’ही नको.