माणुसकी खरंच आटलीय का? स्वतःचा अनुभव असेल तर सांगा

सायली_ठाणे
पाऊस लागला की आमच्याकडे 26 जुलै 2005 चा विषय निघतोच. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला होता तेव्हा. बाबा कलिन्यात अडकले, कमरेच्या वर पाणी, लोकं दोरी धरून एकेक पाऊल टाकत होती आणि उघड्या गटारापाशी तिथलीच पोरं उभी राहून "इकडून नको काका, डावीकडून या" असं ओरडून सांगत होती. शेवटी एका चाळीतल्या काकूंनी माळ्यावर बोलावलं, नवऱ्याचा कोरडा शर्ट दिला, खिचडी वाढली, नाव गाव काही विचारलं नाही. खाली त्यांच्याच गाद्या, पिठाचा डबा सगळं पाण्यात होतं बरं का. पुढे बाबा तो शर्ट धुऊन इस्त्री करून परत द्यायला गेले तर काकूंना ते आठवेचनात. म्हणाल्या, त्या रात्री इतकी माणसं येऊन गेली, तुम्ही त्यातले कोण ते कसं सांगू.

आता वाद असा की माझा भाऊ म्हणतो ते दिवस गेले, आता कोणी पडलं तर आधी मोबाईल निघतो. बाबा म्हणतात काही बदललेलं नाही. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं म्हणून विचारतेय. अनोळखी माणसानं तुमच्यासाठी केलेलं काही असेल तर लिहा, फॉरवर्ड आलेलं नको प्लीज.

पक्या_डोंबिवली
बाबा बरोबर आहेत. 29 ऑगस्ट 2017, परळला ऑफिस, लोकल बंद, रस्त्यावर गुडघाभर पाणी. पाचव्या दिवसाचे गणपती होते त्या दिवशी, म्हणजे मंडळवाल्यांना त्यांचीच धावपळ, तरी जवळच्या एका मंडळानं आम्हाला मंडपात घेतलं, सतरंज्या टाकल्या, चहा आणि पाव, लायटिंगच्या बोर्डावरून एक्स्टेंशन ओढून मोबाईल चार्जिंगला लावून दिले. सोबत ऑफिसच्या तीन मुली होत्या, त्यांना मंडळाची खोली दिली, आतून कडी लावा म्हणाले आणि बाहेर एक वयस्कर कार्यकर्ते खुर्ची टाकून रात्रभर बसून राहिले. मला त्या सगळ्यात तेच जास्त लक्षात राहिलंय. त्या रात्री गुरुद्वारे उघडे होते, लोकं ट्विटरवर स्वतःच्या घराचे पत्ते टाकत होती की या आमच्याकडे. मोबाईल तोच, भावाला सांगा.

मुक्ता_चिपळूण
आमच्याकडे एसटीवाले. कॉलेजला असताना रात्रीच्या गाडीनं गावी यायचे, उतरायचं फाट्यावर, तिथून घर आत दोनेक किलोमीटर, बाबा न्यायला यायचे. एकदा गाडी वेळेआधी पोचली, बाबा नाहीत, फोनला रेंज नाही, काळोख आणि धो धो पाऊस. मी उतरायला लागले तर कंडक्टरकाका म्हणाले बस तू आत. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली आणि दिवे चालू ठेवले. मागनं एक जण कुरकुरला तर काका म्हणाले, "पोरीचा बाप आला की निघू, तुमची असती तर?" मग कोणी काही बोललं नाही. बाबांच्या स्कूटरचा दिवा दिसला तेव्हाच गाडी हलली. एवढ्या गडबडीत मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. नंतर त्या रूटला ते काका परत कधी दिसले नाहीत, बदली झाली असावी.

हायवे_४८
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. पूर आला की सगळेच एका बोटीत असतात, तिथे मदत होतेच. खरी परीक्षा हायवेवर. माझं रोजचं जाणंयेणं आहे, ॲक्सिडेंट झाला की गाड्या स्लो होतात, बघतात आणि जातात. वाईट माणसं नाहीत ती, घाबरतात. पोलीस बसवून ठेवतील, कोर्टाच्या चकरा, वरून तूच धडक दिलीस म्हणतील. मी थांबलो की घरचेसुद्धा ओरडतात.

वकील_मावशी
हायवे दादा, ही भीती आता धरू नका आणि घरच्यांनाही सांगा. 2016 ला सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं आणि 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 134अ कलमच आलं. नाव, पत्ता, फोन नंबर द्यायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर. चांगल्या हेतूनं उचललंत आणि पुढे त्या माणसाचं काही बरंवाईट झालं तरी तुमच्यावर केस लागत नाही. हातात घेऊन न्यायला भीती वाटत असेल तर निदान 108 ला फोन करा, जागा नीट सांगा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मागच्या गाड्यांना हात दाखवत उभे रहा, हे पण खूप आहे हो. पहिला तास फार मोलाचा असतो.

अद्वैत_माटुंगा
हात दाखवण्यावरून आठवलं, ऑगस्ट 2020 च्या पावसात आमच्या तुळशी पाईप रोडला फुलं विकणाऱ्या एका बाईंनी पाणी जावं म्हणून मॅनहोल उघडलं आणि कोणी आत पडू नये म्हणून तासन् तास तिथेच उभ्या राहून गाड्यांना बाजूनं काढत होत्या. कोणीतरी व्हिडिओ काढला म्हणूनच जगाला कळलं ते.

हायवे_४८
@वकील_मावशी हे खरंच माहीत नव्हतं. पण हॉस्पिटलवाले ॲडमिट करताना आधी पैसे भरा म्हणाले तर? माझ्या मित्राला एकदा काउंटरवर अडवून ठेवलं होतं.

वकील_मावशी
तुम्ही नातेवाईक नसाल तर तुमच्याकडून मागता येत नाहीत, पेशंटला पोचवून लगेच निघू शकता. हे हक्क दाराशी बोर्डावर लावणं हॉस्पिटलला बंधनकारक आहे. अडवलं तर तो बोर्ड कुठे लावलाय ते विचारा, नाहीतर तिथूनच 112 लावा.