अनुभव धागा : गिटारचा पिक हातात कसा रुळला?

गिटार शिकणाऱ्यांमध्ये डाव्या हाताविषयी भरपूर बोलले जाते. बोटांना पडणारे घट्टे, एफ कॉर्डसाठी (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) तर्जनी आडवी दाबताना होणारी कसरत, कॉर्ड बदलताना जाणारा वेळ हे सर्व नेहमीचे विषय आहेत. उजव्या हातातील पिकची, म्हणजे तारा छेडण्याच्या छोट्या पातळ चकतीची, मात्र ‘सैल धरा’ एवढ्या सूचनेवर बोळवण होते आणि शिकणारा मनगट आखडून, अंगठा दुखवून घेत तसाच पुढे जात राहतो. आवाजाचा पोत, आघाताचा जोर आणि लय या तिन्ही गोष्टी पिकच्या पकडीवर फार अवलंबून असतात, असे माझे ठाम मत असल्यामुळे हा धागा काढत आहे. आपण काय वाजवता, किती जाडीचा पिक वापरता आणि पकडीत नेमका कोणता बदल केल्यावर हात मोकळा झाला, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

मला उपयोगी पडलेला क्रम प्रथम सांगतो. पिक बाजूला ठेवून उजवा हात खांद्यापासून सैल सोडला की बोटे आपोआप तळव्याकडे थोडी वळतात. तोच बाक कायम ठेवून तर्जनीच्या शेवटच्या पेराच्या कडेवर पिक ठेवावा आणि वरून अंगठ्याचा मांसल भाग अलगद टेकवावा. दोन बोटांच्या टोकांच्या चिमटीत पिक धरला, तर तर्जनीचे पेर मागे वाकते आणि तारेचा प्रत्येक धक्का सांध्यावर येतो. कडेवर ठेवला की मागून बोटाचा भक्कम आधार मिळतो आणि थोड्या दाबात काम भागते. टोक साधारण तीन ते पाच मिलिमीटर बाहेर राहिले की पुरे होते. त्याहून अधिक राहिले, तर ते तारांमध्ये अडकते आणि पिक फिरू लागतो.

ठाणे, गाण्याबरोबर साथीचे स्ट्रमिंग (सर्व तारांवरून एकदम हात फिरवणे)

माझी अडचण पकडीपेक्षा पिकच्या जाडीत होती. जाड पिक वाकत नाही, त्यामुळे सहा तारांवरून हात फिरवताना सगळा प्रतिकार बोटांना सोसावा लागतो आणि मूठ नकळत आवळली जाते. ०.६० मिलिमीटरचा पिक घेतल्यावर तो तारेवर स्वतःच वाकू लागला आणि अंगठा सैल सोडण्याची भीती गेली. मात्र एकेक स्वर वाजवायचा असेल, तर हाच पिक लवचिकपणामुळे उशिरा प्रतिसाद देतो, म्हणून त्या कामासाठी ०.८८ चा वेगळा ठेवला आहे. नवशिक्याने एकाच जाडीवर अडून न बसता तीन-चार प्रकार एकदम विकत घ्यावेत. एवढी स्वस्त चाचणी या वाद्यात दुसरी नाही.

रत्नागिरी

पावसाळ्यात इथे हाताला सतत घाम असतो आणि गुळगुळीत सेल्युलॉइडचा पिक घसरत घसरत तिरका होतो. तो सावरण्यासाठी दाब वाढवला की अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो. मी सुईने पिकच्या दोन्ही बाजूंवर आडव्या-उभ्या बारीक रेघा ओढल्या आणि फरक लगेच जाणवला. उठावदार नक्षी असलेले नायलॉनचे पिकही मिळतात आणि तेही चांगले टिकतात.

सांगली, आधी सतार, नंतर गिटार

सतारीची नखी तर्जनीवर घट्ट बसवलेली असते, त्यामुळे ती ‘धरण्याचा’ प्रश्नच येत नाही. गिटारच्या पिकची मला आलेली पहिली अडचण हीच होती की तो कशालाच बांधलेला नसतो. दुसरी अडचण अधिक खोल होती. सतारीत ‘दा’ हा बोल तर्जनी तळव्याकडे ओढून वाजतो आणि समेचे वजन बहुधा त्याच्यावर येते. गिटारवर ही दिशा अपस्ट्रोकची, म्हणजे खालून वर जाणाऱ्या आघाताची आहे, तर तिथे जोराचा आघात खाली जाणारा असतो. त्यामुळे माझ्या बोटांना जे वजनदार वाटत होते, ते गिटारच्या लयीत नेमके हलक्या जागी पडत होते, आणि ते बदलण्याच्या ताणातच पकड आवळली जात होती. माझ्या एका सरोदवादक स्नेह्याने मार्ग दाखवला. सरोदचा जवा नारळाच्या करवंटीचा असतो, तो अंगठा आणि तर्जनी यांत धरतात आणि तिथे ‘दा’ खालच्या दिशेने वाजतो. त्याच्या शेजारी बसून, एकाच उघड्या तारेवर, विलंबित लयीत ‘दा रा दा रा’ म्हणत मी पिक चालवू लागलो. तोंडाने बोल चालू असले की मन दिशेची चिंता सोडते आणि बोटेही सैलावतात. सतार किंवा सरोद शिकलेल्यांनी हा प्रयोग अवश्य करावा.

मडगाव, मेंडोलिन आणि गिटार

मेंडोलिनच्या तारा जोडीने असतात आणि लांब स्वर धरायचा तर पिक वेगाने वरखाली हलवत राहावे लागते. हात आवळला की तो स्वर तुटक होतो, हे कान क्षणात सांगतो. म्हणून गिटारची पकड तपासण्यासाठीसुद्धा मी प्रथम मेंडोलिनच उचलते.

न्यू जर्सी, मराठी कुटुंबांतील मुलांना शिकवणारी

मुलांना एकच पकड सक्तीने शिकवू नये, असे मी पालकांना आग्रहाने सांगते. प्रसिद्ध रॉक गिटारवादकांचेच पाहा: एडी व्हॅन हेलन अंगठा आणि मधले बोट यांत पिक धरत असत; जेम्स हेटफिल्ड तीन बोटांनी धरतात; ब्रायन मे तर पिकऐवजी सिक्सपेन्सचे जुने ब्रिटिश नाणे वापरतात. या सर्वांचे वादन जगाने ऐकले आहे. ज्या मुलांच्या हातात पिक सारखा फिरतो, त्यांना मी मधल्या बोटाचा आधार घेऊ देते आणि हात मोठा झाल्यावर पुन्हा विचार करते. दाब तपासण्यासाठी मुलगा वाजवत असताना मी पिकचे टोक हलकेच ओढते: थोडा विरोध होऊन तो निघून आला, तर दाब योग्य आहे, ओढूनही निघाला नाही, तर आम्ही थांबतो, हात झटकतो आणि पुन्हा सुरू करतो.

पुणे, निवृत्तीनंतर शिकणारे

अंगठ्याच्या सांध्याचे दुखणे असल्यामुळे लहान पिक मला फार वेळ पेलवत नाही. मोठा, तिन्ही कोपरे सारखे असलेला पिक घेतल्यावर धरायला जागा वाढली आणि वेदना पुष्कळ कमी झाल्या. एक शंका आहे. गाण्याच्या मध्येच बोटांनी तारा छेडायच्या असतील, तर तेवढ्यापुरता पिक कुठे ठेवावा?

धागाकर्ता

आपल्यासाठी दोन मार्ग आहेत. तर्जनी पूर्ण मिटून पिक तिच्या वळणात दाबून ठेवावा आणि अंगठा, मधले बोट व अनामिका यांनी तारा छेडाव्यात. मोठ्या पिकला हे जरा अवघड जाते. नाहीतर पिक तर्जनीजवळच राहू द्यावा, खर्जाच्या जाड तारा पिकने आणि बारीक तारा मधल्या बोटाने व अनामिकेने वाजवाव्यात, म्हणजे पिक लपवण्याची गरजच उरत नाही. आपल्या सांध्याचा विचार करता दुसरा मार्ग आधी करून पाहावा, आणि काय जाणवले ते इथे कळवावे.