विस्तार केंद्राच्या पत्रकात बदल्या, निरोप समारंभ आणि मेळावे. शेतकऱ्याने यात वाचायचं काय?

वायंगणवाला:
गोव्यात आमच्या भागातल्या कृषी विस्तार केंद्राचं पत्रक परवा व्हॉट्सॲपवर आलं, केंद्राचं नाव घेत नाही कारण सगळीकडे हेच चाललंय. चार पानं. पहिल्या पानावर एका साहेबांचा निरोप समारंभ, शाल, नारळ, ग्रुप फोटो. दुसऱ्यावर दोघे नवीन रुजू झाले त्यांच्या पदव्या आणि पीएचडी कशावर केली तो विषय. तिसऱ्यावर कोण कुठल्या परिसंवादाला जाऊन आला. चौथ्या पानावर आगामी कार्यक्रम, म्हटलं चला इथे तरी काहीतरी मिळेल, तर तिथे दिनविशेष. 16 जुलै आयसीएआरचा (भारतीय कृषी संशोधन परिषदेचा) स्थापना दिन, 2 सप्टेंबर नारळ दिन, 15 ऑक्टोबर महिला किसान दिन, 3 डिसेंबर कृषी शिक्षण दिन, 5 डिसेंबर मृदा दिन, 23 डिसेंबर किसान दिन.

आता मला सांगा, 16 जुलैला मी गुडघाभर चिखलात असतो. 2 सप्टेंबरला नारळावर भाषण ऐकायला कोण जाणार, तेव्हा चवथ एकतर तोंडावर असते नाहीतर नुकतीच झालेली, आणि नारळ सगळे माटोळीत (गणपतीवरच्या फळांच्या छतात). 15 ऑक्टोबरला सरदाचं (पावसाळी) भात कापायला आलेलं आणि वरून पाऊस जायचं नाव घेत नाही. मृदा दिन 5 डिसेंबरला, मातीचा नमुना तर भात कापून झाल्यावर वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या भाताची) नांगरट करायच्या आधी घ्यायचा किंवा मग उन्हाळ्यात पावसाआधी. हे कॅलेंडर दिल्लीत बनतं ते ठीक आहे, पण ते जसंच्या तसं माझ्या मोबाईलवर कशाला?

माझं मत सरळ आहे. स्टाफच्या बातम्या ऑफिसच्या नोटीस बोर्डावर लावा. शेतकऱ्याला जे पाठवता त्यात फक्त पीक, कीड, बियाणं कधी येणार आणि किती येणार एवढंच असू दे.

कुळागर_फोंडा:
पटलं नाय. मी तर पत्रक आलं की पहिली स्टाफची बातमीच वाचतो, बाकी सगळं नंतर.

माझी पोफळी आहे. पोफळीला कोळेरोग लागला की पंधरा दिवसांत झाडाखाली कोवळ्या सुपारीचा सडा. बोर्डो मिश्रण मारायचं हे वडिलांपासून माहीत आहे, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी आणि दुसरी साधारण 40 ते 45 दिवसांनी उघडीप बघून. तरी फरक पडत नव्हता. पत्रकात वाचलं की वनस्पतीरोगाचे नवीन तज्ज्ञ रुजू झालेत, फोन लावला, माणूस कुळागरात (पोफळीच्या बागेत) आला. बघतो तर काय, आमचा गडी लोखंडी बादलीत मोरचूद विरघळवत होता आणि चुना जुना, अर्धा मेलेला. त्यांनी सुरीचं पातं मिश्रणात बुडवून दाखवलं, पात्यावर तांब्याचा लालसर थर धरला म्हणजे चुना कमी पडलाय, अजून घाला. हे छापील पत्रकात दहा वेळा आलं असेल पण हातात सुरी धरून दाखवणारा माणूस वेगळा.

कोण आला कोण गेला हे मला कळलंच नाय तर फोन कोणाला लावू? तुम्ही नोटीस बोर्डावर लावा म्हणता. बोर्ड बघायला ऑफिसात कोण जातो सायबा.

आबोली:
वायंगण बाब, कार्यक्रमांच्या तारखांबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. मी अजून पुढे जाऊन सांगते, वेळसुद्धा बघा. सकाळी 10 वाजता तालुक्याच्या गावी, तेही आठवड्याच्या मधल्या वारी. म्हणजे घरातलं आवरून मुलांना शाळेत सोडून बस पकडून बायकांनी 10 ला पोचायचं, मग पाहुणे 11.30 ला येणार, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, आणि आमचं आळंबीचं प्रात्यक्षिक जेवणानंतर घाईघाईत. महिला किसान दिनाला स्टेजवर बसलेल्यांत महिला किती असतात ते पण एकदा मोजा.

पण स्टाफच्या बातमीवर मी कुळागर बाबांच्या बाजूने. आमच्या गटाला ज्या मॅडम शिकवायच्या, धिंगरी आळंबीचा पेंढा किती वेळ भिजवायचा, गरम पाण्यात कसा काढायचा, पिशव्या कुठे टांगायच्या, त्यांची बदली झाली हे आम्हाला कळलं तेव्हा त्या जाऊन दोन महिने होऊन गेले होते. तेवढ्यात एक अख्खी बॅच हिरव्या बुरशीने गेली आणि विचारायला कोणी नाय. तेव्हा बातमी नको म्हणू नका, बातमी वेळेवर द्या म्हणा.

पणजीचा_पाव:
3 डिसेंबरला कृषी शिक्षण दिन!! त्या दिवशी जुन्या गोव्यात सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) फेस्त. तिथल्या संशोधन केंद्रात कार्यक्रम ठेवला तर शेतकरी ट्रॅफिकमध्येच शिक्षण घेऊन, वाटेत चणे आणि खाजें खाऊन परत घरी. हजेरी मात्र रेकॉर्डब्रेक लागेल हां.

निवृत्त_विस्तारवाला:
मी या खात्यात आयुष्य काढलंय म्हणून थोडं लांब लिहितो, वाचायचं तर वाचा.

एक, इथे सगळे 'केंद्र' म्हणून एकाच माळेत ओवताय. गोव्यात कृषी विज्ञान केंद्रं दोनच. उत्तरेचं जुन्या गोव्यात, आयसीएआरच्या संस्थेखाली, 1983 पासून. दक्षिणेचं मडगावला, ते राज्याच्या कृषी संचालनालयाकडे. आणि तालुक्यात जे विभागीय कृषी कार्यालय असतं ते तिसरं. तिथे कृषी कार्ड, अनुदान, बियाणं. विज्ञान केंद्राचं काम नवीन वाण, नवीन पद्धत शेतकऱ्याच्याच शेतात लावून दाखवायची, प्रशिक्षण द्यायचं. अनुदानाचा चेक अडकला म्हणून विज्ञान केंद्राला शिव्या घालणारे मी भरपूर बघितलेत.

दोन, देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र 1974 ला पुदुच्चेरीत निघालं, आणि ठरलेला आराखडा आहे 16 पदांचा. एक प्रमुख, सहा विषयतज्ज्ञ, बाकी फार्म मॅनेजर, ड्रायव्हर, ऑफिस सगळं धरून. म्हणजे अख्ख्या जिल्ह्याला तज्ज्ञ सहा. त्यातला एक निवृत्त झाला तर तो विषय बंद. म्हणून निरोप समारंभाची बातमी तुम्हाला फालतू वाटते ती खरं तर तुमच्याच कामाची आहे.

तीन, दिनविशेष आम्ही हौसेने करत नव्हतो. वरून पत्र येतं, कार्यक्रम करा, फोटो टाका, उपस्थिती कळवा. वर्षाचा आराखडा सल्लागार समितीपुढे जातो, त्या समितीत शेतकरी प्रतिनिधीसुद्धा असतात. ते तिथे काय बोलतात ते त्यांना विचारा. बहुतेक जण चहा पिऊन सही करून जातात, मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि शाल-नारळावर हसू नका. माणूस तीस वर्षं खाजनाच्या (खाडीलगतच्या खाऱ्या शेताच्या) बांधावरून फिरला तर त्याचा एक फोटो छापून आला म्हणून कोणाचं काय गेलं?

वायंगणवाला:
काका, फोटोवर माझा राग नाय. राग यावर आहे की निवृत्त झाला ते छापता, त्याच्या जागी चार्ज कोणाकडे ते छापत नाय. सहापैकी भरलेली पदं किती ते छापत नाय. बातमी अर्धीच द्यायची आणि ती पण गौरवाची. कुळागर बाबांना मिळाला तो 'रुजू झाले'वाला फोटो. 'जागा रिकामी आहे' असा फोटो कधी बघितलाय कोणी?

आणि दिल्लीचं पत्र म्हणाल तर 2025 चं ते विकसित कृषी संकल्प अभियान आठवा, 29 मे ते 12 जून. शास्त्रज्ञ गावोगावी येणार, कल्पना चांगलीच होती. पण त्या वर्षी पाऊस मे संपायच्या आतच गोव्यात येऊन बसला. अभियानाची गाडी गावात येईपर्यंत बियाणं घेऊन झालेलं, तरवा (भाताची रोपं) टाकायची लोकांची धावपळ. 'खरीपपूर्व मार्गदर्शन' म्हणे. उत्तरेकडे तेव्हा ऊन असतं म्हणून तिथे जमत असेल.

साळावली_डी:
मी कृषीची विद्यार्थिनी, म्हणून या मुद्द्यावर विरोध करते. आमच्या बाजूच्या एका गावात ते अभियान देवळाच्या मंडपात झालं, बाहेर पाऊस आणि आत लोक भरपूर, उलट पावसामुळे सगळे घरीच होते म्हणून आले. खाजनवाल्यांनी खाऱ्या पाण्याच्या भातावर चांगले तासभर प्रश्न विचारले, कोरगुट चांगला की गोवा धान, बांध फुटून खारं पाणी आत आलं तर किती दिवस तग धरतं, पेंढा किती मिळतो. गोवा धानची पहिली निवड कोरगुटातूनच झालीय हे बऱ्याच जणांना तिथेच कळलं. तेव्हा सगळंच फुकट गेलं असं नको म्हणूया.

दुसरं म्हणजे गोव्यात कृषी विद्यापीठ नाही म्हणून विस्ताराची अशी ओढाताण होते असं मला वाटतं. सुळकर्णेचं कृषी महाविद्यालय 2015 ला सुरू झालं ते गोवा विद्यापीठाला जोडलेलं. त्याआधी इथल्या मुलांनी बीएस्सी ॲग्री करायला दापोली नाहीतर धारवाड गाठायचं. आता चौथ्या वर्षाची मुलं ग्रामीण कार्यानुभवासाठी महिनोन्‌महिने गावात राहतात, त्यांना पत्रकाच्या कामाला जोडा ना. कुठल्या वाड्यावर कुठली कीड आहे हे ती मुलं दर आठवड्याला लिहून देतील.

दोडामार्गकर:
विद्यापीठ असलं म्हणजे सुटलात असं समजू नका हो. आम्हाला दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे, 1972 पासून. सिंधुदुर्गात, तुमच्या हद्दीला लागून असलेल्या दोडामार्गातून दापोली म्हणजे अख्खा जिल्हा पार करून वर रत्नागिरीचं दुसरं टोक, दिवस मोडतो. पत्रकं आमच्याकडे पण येतात आणि त्यात कुलगुरूंचं भाषण, अमुक बैठक, तमुक सत्कार. आमच्या खऱ्या कामाचं ठिकाण वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 काजूची कलमं. तुमच्या गोव्यातले बागायतदारपण पावसाळ्याच्या तोंडाला टेम्पो घेऊन कलमं न्यायला येतात, मग आम्हालाच कमी पडतात 😀

मला विचाराल तर 'आगामी कार्यक्रम'मध्ये एकच ओळ पाहिजे, कलमांचं बुकिंग कधी उघडणार. बाकी मेळावा असो नसो.

कुळागर_फोंडा:
साळावली बाय, मुलं कीड लिहून देतील ते ठीक, पण औषध कोण सांगणार? चौथ्या वर्षाच्या पोराने सांगितलेलं औषध मी माडावर मारणार नाय. माझा पाडेलीच (नारळ पाडणारा) त्याच्यापेक्षा जास्त सांगतो.

साळावली_डी:
औषध सांगा असं मी म्हटलंच नाही. लिहून देतील म्हटलं. आणि पाडेली मिळतोय तुम्हाला अजून हेच भाग्य समजा.

आबोली:
भांडू नका. मुद्द्याचं बोलते. त्याच पत्रकात 'काजूवरील ढेकण्या, नियंत्रण प्रशिक्षण' आहे बघा, फेब्रुवारीत. ढेकण्या येतो नवी पालवी फुटली की, मग मोहोरावर, मग कोवळ्या बीवर. म्हणजे फवारण्यांचं वेळापत्रक नोव्हेंबरपासूनच सुरू होतं. फेब्रुवारीत बोंडू पिकायला लागलेले असतात आणि आम्ही काजू गोळा करायला डोंगरावर. तेव्हा शिकून काय करायचं, पुढच्या वर्षापर्यंत लक्षात ठेवायचं? हे तर दिल्लीचं नाय ना काका, हे इथलंच.

निवृत्त_विस्तारवाला:
हे इथलंच, मान्य. कारण सांगू? प्रशिक्षणाचे पैसे बऱ्याचदा वर्षाच्या शेवटी मोकळे होतात आणि 31 मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. म्हणून जानेवारी ते मार्च प्रशिक्षणांचा पूर येतो. किडीला आर्थिक वर्ष कळत नाही त्याला अधिकारी काय करणार.

वायंगणवाला:
काय करणार म्हणजे? नोव्हेंबरात पैसे नसतील तर मेळावा नको, मंडप नको, जेवण नको. एक माणूस एका बागेत उभा राहून मोबाईलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ करू शकतो. शाल घ्यायला पैसे होते ना?

निवृत्त_विस्तारवाला:
शाल स्टाफ स्वतः वर्गणी काढून घेतो बाबा. सरकार शालीला पैसे देत नाही.

पणजीचा_पाव:
😂😂 वायंगणवाला क्लीन बोल्ड

वायंगणवाला:
बोल्ड नाय. शाल वर्गणीची असू दे, पत्रकाची जागा तर सरकारची आहे ना. ठीक आहे, दोन ओळी कबूल, कोण आला आणि कोण गेला, सोबत ऑफिसचा नंबर आणि कुठल्या पिकासाठी फोन करायचा ते. गेला असेल तर चार्ज कोणाकडे. पदव्या, पीएचडीचा विषय, परिसंवाद हे काढून टाका. त्या जागेत दोडामार्गकर म्हणतात तशी कलमांची तारीख, बियाण्याची तारीख. आणि दिनविशेष साजरे करा खुशाल, मला पाठवू नका.

आबोली:
चालेल. आणि ती काजूची तारीख बदला असं आम्ही गटातर्फे लेखी देणार आहोत, सही करायची असेल त्यांनी सांगा.

दोडामार्गकर:
हद्दीपलीकडची सही चालते का? 😀 ढेकण्याला चेकपोस्ट नसतो.

कुळागर_फोंडा:
माझी सही घाला. पण पीएचडीचा विषय काढायला माझा विरोध आहे हां. जो नवीन आलाय त्याने पीएचडी भातावर केलीय की माडावर हे मला कळायलाच पाहिजे. भातावाल्याला मी पोफळीचं विचारलं तर तो पण पुस्तक बघूनच सांगणार, मग पुस्तक मीच नाय का बघत.